साडेतीन वर्षांची अळणी कोशिंबीर

फणसवाडी, गिरगाव
२२ एप्रिल १९५७

प्रिय बकुळा,

सप्रेम नमस्कार. परीक्षेचे पेपर तपासून झाले असतील तरच पुढे वाच. नसतील तर आधी ते संपव. ह्या पत्रात नापास करण्याजोगा एकच माणूस आहे, आणि तो माझा नवरा आहे. तो पळून जाणार नाही.

गेल्या एक नोव्हेंबरला द्वैभाषिक राज्य आपल्या डोक्यावर बसलं, त्या संध्याकाळी आमच्या वाडीत निषेधाची सभा झाली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत प्रत्येकानं काहीतरी सोडायचं असं ठरलं. माझे धाकटे दीर श्यामकांत पहिले उठले, त्यांनी चहा सोडला. समोरच्या चाळीतल्या बंडू विमेवाल्यानं चपला सोडल्या. तिसऱ्यानं दाढी करणं सोडलं, त्यात त्याला त्याग कमी आणि सुटका जास्त. आमच्या ह्यांच्यापर्यंत पाळी आली तोवर सोपं सोपं सगळं गेलं होतं. हे उभे राहिले आणि म्हणाले, "मी मीठ सोडतो." टाळ्या इतक्या पडल्या की मागे घ्यायची सोय उरली नाही. अध्यक्ष रावसाहेबांनी काहीच सोडलं नाही. अध्यक्षाला खुर्चीच सोडता येते, आणि ती त्यांना सुटत नाही.

तेव्हापासून माझ्या घरी दोन स्वयंपाक. एक माझा नि मुलाचा, आणि एक महाराष्ट्राचा. हे म्हणत होते, दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे, निवडणूक झाली की सुटेल. निवडणूक झाली, समिती जिंकली, द्वैभाषिक आहे तिथंच आहे, आणि मीठही आहे तिथंच, बरणीत. थंडीत ह्यांनी कसंबसं निभावलं. आता उकाड्यात पान पुढे आलं की दोन घास चिवडतात आणि उठतात. कॉलर दोन बोटं सैल झाली आहे.

ट्रेनिंग कॉलेजात तुझ्या डब्यात एक कोशिंबीर असायची. मी जिन्याखाली उभी राहून तुझ्या डब्यातली खात असे, आठवतं? तिच्यात मीठ होतं की नव्हतं ते मला आठवत नाही, पण चव अजून जिभेवर आहे. ती कशी करायची ते कळव. अळणी असूनही घशाखाली उतरली पाहिजे, आणि फार खटाटोप नको. पाकिटातून लिही. कार्ड टाकलंस तर आमच्या वाडीत ते माझ्याआधी सगळे वाचतात.

तुझी,
राजलक्ष्मी


परळ
२६ एप्रिल १९५७

प्रिय राजलक्ष्मी,

सप्रेम जयभीम. जिन्याखाली उभी राहून का खायचीस, तेही आठवत असेलच. मी वर्गात बसून खायचे. असो. कोशिंबीर तीच आहे, मी काही डबा बदललेला नाही.

तुमच्या वाडीची गंमत वाटली. आम्ही गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध झालो आणि व्रतं, नवस, उपासतापास सगळं सोडून मोकळे होऊन घरी आलो. आम्ही परत येतो तोवर तुम्ही सुरू केलंत. तुझे मनमोहनराव दर शनिवारी समितीच्या कामाला आमच्या चाळीत येतात, भिवाशी तास तास बोलतात, दोन कप चहा घेतात, पण मिठाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. (नवऱ्याचं नाव मी घेते. नाव घेतल्यानं आयुष्य कमी होतं म्हणतात, पण ते काम गिरणी आधीच करते आहे.)

आता लिहून घे. भायखळ्याच्या बाजारात काकड्या सध्या ढिगानं आहेत, कोवळ्या बघून घे. टोक कापून त्याच टोकानं घास, पांढरा फेस येतो तो कडूपणा. एक तुकडा चाखून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. मग काकडी हातात धरून सुरीनं कोचव. किसू नकोस, किसलेली काकडी म्हणजे काकडीचं पाणी. अलिबागचा पांढरा कांदा बारीक चीर. अर्धी कैरी किसून घाल, अळण्याला आंबटाचाच आधार असतो. हिरवी मिरची साखरेच्या चिमटीबरोबर बोटांनी चुरड, आणि मग तेच बोट डोळ्याला लावू नकोस. शेंगदाणे नेहमीपेक्षा जरा जास्त भाज, साल काळपट पडेपर्यंत, आणि जाडसर कूट घाल. खमंगपणा सगळा त्या दाण्यात आहे. वर कोथिंबीर. फोडणी नको, दाणे एकदाच भाजून ठेवले की ह्या उकाड्यात तिच्यासाठी रोज चूल लागत नाही हाच तर फायदा. पान वाढल्यावरच कालव, आधी नको.

एवढं करून नाही खाल्लं तर दोष प्रतिज्ञेचा, माझ्या कोशिंबिरीचा नव्हे.

तुझी,
बकुळा


फणसवाडी
१३ मे १९५७

प्रिय बकुळा,

कोशिंबीर खाल्ली. पहिल्या दिवशी दोनदा वाढून घेतली. आठ दिवस मी तुला मनातल्या मनात ओवाळत होते, म्हणून पत्र लिहिलं नाही.

परवा मात्र हे ऑफिसच्या जिन्यात कोसळले. दोन शिपायांनी धरून घरी आणलं. पोटऱ्यांत असे गोळे आले होते की चादर दातात धरून पडले होते. वाडीतले डॉक्टर आले, नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि विचारलं, "जेवणात काय असतं?" मी सांगितलं. डॉक्टरही सभेला होते, त्यांनीही टाळ्या वाजवल्या होत्या, त्यामुळे त्यांना रागावता येईना. ते मला बाहेरच्या गॅलरीत घेऊन गेले आणि म्हणाले, "वहिनी, मे महिन्यात मुंबईत घाम येणारा माणूस आहे. अंगातलं मीठ वाहून चाललंय. असंच चाललं तर पुढच्या वेळी जिन्यात पडून भागणार नाही. प्रतिज्ञा चालू ठेवा, पण मीठ द्या." हे कसं करायचं ते सांगून गेले नाहीत. फी मात्र घेतली नाही, तेवढी त्यांची देशसेवा.

मी ह्यांच्यापुढे हात जोडले. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "दोनशे माणसांपुढे शब्द दिलाय." मी म्हटलं, दोनशे माणसं तिरडी उचलायला लागत नाहीत, चार पुरतात. ह्या माणसानं आयुष्यात ऑफिसचा टाक घरी आणला नाही, बकुळा. खोटं त्यांच्याकडून होत नाही. म्हणून मलाच करावं लागणार.

त्यांना कळणार नाही असं मीठ कसं घालायचं? आमटीत घातलं तर पहिल्या भुरक्याला कळेल. तूच सांग. आणि लवकर सांग.

राजलक्ष्मी


परळ
१५ मे १९५७

प्रिय राजलक्ष्मी,

काकडी कोचवल्यावर तिला मीठ लाव, अर्धा चमचा, हात आखडू नकोस. पंधरा मिनिटं झाकून ठेव. मग घट्ट पीळ आणि पाणी टाकून दे. मीठ काकडीत मुरलेलं राहतं. त्यावर कैरी दुप्पट आणि मिरची एक जास्त. आंबट-तिखटाच्या गर्दीत मीठ उभं राहिलं तरी दिसत नाही. शंका आलीच तर "वरून मीठ घातलेलं नाही" म्हण, आणि ते खरंच आहे.

सकाळ-संध्याकाळ दे. थोडं ताकही पाज.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. खोटं बोलणार नाही असं शील मी घेतलं आहे. मनमोहनरावांनी मला समोर उभं करून विचारलं तर मी सांगून टाकीन. तेव्हा ते मला विचारणार नाहीत, एवढं तुझ्या हातात ठेव. प्रकृती कशी आहे ते मात्र ताबडतोब कळव. भिवा दिवसातून दोनदा विचारतो.

बकुळा


फणसवाडी
२ जून १९५७

प्रिय बकुळा,

उठले. आज ऑफिसला जाऊन चौदा दिवस झाले, गोळे नाहीत, चक्कर नाही, आणि काल तर जिना चढताना शीळ घालत होते. डॉक्टर म्हणाले, "काय केलंत ते मी विचारत नाही." मीही सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी तव्यावर पोळी होती आणि माझं लक्ष ह्यांच्या तोंडाकडे. पहिला घास घेतला आणि ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी पोळी करपली. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "मिरची लागली." नंतर वाटी पुसून खाल्ली. तुझी ती जास्तीची मिरची कामाला आली बघ. ह्यांना काहीएक कळलेलं नाही.

पण तुला खरं सांगू का, बरं वाटतं आणि वाटतही नाही. वाडीत लोक येतात, ह्यांच्या पाया पडायचेच बाकी राहतात. परवा कोणीतरी आपल्या पोरांना आणून दाखवलं, हे बघा बिनमिठाचे काका. हे मान खाली घालून बसतात, लोकांना तो विनय वाटतो. आणि मी आत काकडी पिळत असते. उद्या ह्यांना कळलं, की आपला शब्द आपल्याच बायकोनं आपल्याच पानात मोडला, तर हे रागावणार नाहीत. हे काही बोलणार नाहीत. फक्त माझ्या हातचं पुन्हा जेवणार नाहीत. मला त्याचीच भीती वाटते.

तोवर जिवंत आहेत. तेवढं पुरे.

तुझी,
राजलक्ष्मी


परळ
११ जून १९५७

प्रिय राजलक्ष्मी,

मनमोहनराव शनिवारी येऊन गेले. तब्येत चांगली दिसली. चहा तीन कप घेतला.

शाळा उघडली, माझ्या वर्गात ह्या वर्षी चौसष्ट मुलं आहेत, म्हणून जास्त लिहीत नाही. एक विनंती आहे. त्यांच्याबद्दल, म्हणजे त्यांच्या जेवणाबद्दल, मला ह्यापुढे काही विचारू नकोस. कारणही विचारू नकोस.

बकुळा


फणसवाडी
२० जून १९५७

सौ. बकुळाबाई यांस,

पत्र पोहोचलं. समजलं. युक्ती सांगायला शील आड आलं नाही, ती वापरल्यावर मात्र आलं. तुम्ही खोट्याचा विटाळ मानता हे मला ठाऊक नव्हतं. नवरा जमिनीवर पडलेला असताना शील कुठं ठेवायचं, तेही कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पुन्हा विचारणार नाही. तुमच्या चौसष्ट मुलांत एक जास्तीची कशाला.

राजलक्ष्मी


फणसवाडी
१० एप्रिल १९६०

प्रिय बकुळा,

जवळजवळ तीन वर्षांनी लिहिते आहे. मधल्या काळात आपण दोनदा भेटलो, दोन्ही वेळा मोर्च्यात, आणि दोन्ही वेळा घोषणा चालू होत्या म्हणून बोलावं लागलं नाही. ते शेवटचं पत्र मी रागानं लिहिलं. पेटीत टाकल्यावर पाच मिनिटं तिथंच उभी होते, पोस्टमन आला असता तर परत मागितलं असतं. तो वेळेवर आला नाही. माफ कर.

राज्य होणार. एक मेला मुंबईसह महाराष्ट्र. वाडीत कंदील बांधायला सुरुवात झाली आहे. आणि आमच्या रावसाहेबांनी ठरवलंय, की त्या दिवशी संध्याकाळी चौकात मांडव घालून ह्यांची प्रतिज्ञा सोडवायची. चांदीच्या वाटीत मीठ, पाच सुवासिनी ओवाळणार, रावसाहेब स्वतःच्या हातानं मिठाची चिमूट ह्यांच्या तोंडात घालणार, आणि मग हे दोन शब्द बोलणार. पत्रकं छापून आली आहेत. 'साडेतीन वर्षे मिठाचा कण न शिवलेले' असं त्यावर ह्यांच्या नावामागे लिहिलं आहे. कण! बकुळा, मी हिशेब मांडून बघायचं धाडस केलेलं नाही, पण बरण्या रिकाम्या झाल्या आहेत.

मी तेव्हापासून एक दिवस चुकलेले नाही. उन्हाळ्यात काकडी, पावसाळ्यात मुळा, थंडीत गाजर. मीठ लावायचं, पिळायचं, मुकाट्यानं वाढायचं. आता हा माणूस पाचशे माणसांसमोर उभा राहून, मी कण शिवला नाही असं सांगणार, आणि ते खोटं असणार, आणि ते खोटं आहे हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक असणार. पत्रक आल्यापासून हे फार गप्प आहेत. परवा मी विचारलं, भाषण लिहिलं का? म्हणाले, "काय लिहू?" आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

आधी सांगून टाकू? सांगितलं तर ह्यांची साडेतीन वर्षं माझ्या हातानं मातीत जातात. न सांगितलं तर मी ह्यांना सगळ्यांदेखत खोट्यात उभं करते. ह्यांना कळलं तर काय होईल गं? तुला काही ठाऊक आहे का? तू विचारू नकोस म्हणाली होतीस. तरी विचारते आहे.

तुझीच,
राजलक्ष्मी


परळ
१३ एप्रिल १९६०

प्रिय राजी,

सप्रेम जयभीम. तुझं १९५७ चं पत्र मी फाडलं नाही. भिवाला वाचून दाखवलं होतं, तो म्हणाला, "बाई लिहिते झकास." म्हणून ठेवलं.

तू विचारलंस, ते बरं झालं. तीन वर्षं मी ह्या प्रश्नाची वाट बघत होते. त्यांना कळलं तर काय होईल, हे मला ठाऊक आहे. कारण त्यांना कळलं आहे. पहिल्याच घासाला कळलं.

अगं, सहा महिने ज्याच्या जिभेला मीठ लागलेलं नाही, त्याला अर्धा चमचा मीठ कळणार नाही असं तुला वाटलंच कसं? आणि मलाही वाटलं. दोघी मास्तरणी, अक्कल एकीलाही नाही.

१९५७ च्या त्या जूनमधल्या शनिवारी ते आले, समितीची कामं संपली तरी उठेनात. मग म्हणाले, "भिवा, आमच्याकडची कोशिंबीर खारट यायला लागलीय." मी स्टोव्हपाशी होते, माझ्या हातून साखरेचा डबा पडला. ते म्हणाले, "पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. इतकं गोड मीठ मी जन्मात खाल्लं नव्हतं. ही समोर उभी, पोळी करपतेय, तिचं लक्ष माझ्याकडे. मी मिरची लागली म्हटलं."

भिवा म्हणाला, "मग अडचण काय? जेवा."

"आणि शब्द?"

"साहेब, तुम्ही जिन्यात मेलात तर मुंबई मिळणार आहे का? समितीचं एक मत तेवढं कमी होईल."

त्यांनी तिसरा कप संपवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, मला कळलंय हे तिला कळू देऊ नका. कळलं तर ती बंद करील. आणि बंद नाही केलं तर रोज मान खाली घालून वाढील. ते मला बघवणार नाही." मी म्हटलं, मी आपण होऊन सांगणार नाही, पण तिनं विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही. म्हणून तुला लिहिलं, विचारू नकोस. तू रागावलीस. रागावलीस तर विचारणार नाहीस, म्हणून मीही रागावू दिलं.

आणखी एक, आता सगळंच सांगते. दर शनिवारी ते आमच्याकडे सुकटाची कोशिंबीर खातात. सुका जवळा भाजायचा, त्यात कांदा, कैरी, ओलं खोबरं. सुरुवातीला "मीठ?" म्हणून विचारायचे. मी म्हणायचे, वरून घातलेलं नाही. समुद्रानं घातलंय, त्याला मी काय करू? आताशा विचारतही नाहीत. 'मिठाचा कण न शिवलेले' हे पत्रक भिवानं आणून दाखवलं तेव्हा आम्ही दोघं हसलो, आणि मग हसू आलं नाही. कारण तो माणूस खरंच गप्प गप्प आहे.

काय करायचं ते मी सांगणार नाही. मागच्या वेळी सांगितलं, त्याचं काय झालं ते बघते आहेस. पण तुला वाटतं तसा तो तुझ्या हातचं टाकणारा माणूस नाही, एवढं नक्की. तीन वर्षं तुझ्या हातचं खातोय, डोळे उघडे ठेवून.

आणि शेवटचं. तो आमच्या घरी तीन वर्षं पाटावर बसून जेवतो. मी तुझ्या घरी उंबऱ्याच्या आत एकदाच आले, तुझ्या मुलाच्या बारशाला, आणि तू जेवण डब्यात भरून दिलंस. हे तेव्हा बोलायचं होतं. आता बाकी सगळं बोलतेच आहे, तर हेही.

तुझी,
बकुळा


फणसवाडी
३ मे १९६०

प्रिय बकुळा,

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. शेवटचा परिच्छेद त्याहून जास्त वेळा. त्याचं उत्तर शेवटी देते, पळ काढत नाही.

पत्र आल्यावर मी ह्यांना सांगणार होते. रोज ठरवायची आणि रोज काकडी पिळायची. आता दोघांनाही ठाऊक, आणि दोघंही गप्प. ह्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, हे ह्यांना ठाऊक नाही. जेवताना माझ्या घरात इतका सुसंस्कृतपणा होता की घास उतरेना.

एक मेला मांडव भरला. कंदील, तोरणं, सनई. हे पांढरं धोतर नेसून बसले होते, चेहरा धोतराच्या रंगाचा. ओवाळणं झालं. रावसाहेबांनी वाटीतून चिमूट उचलली आणि ह्यांच्या तोंडापाशी नेली. ह्यांनी त्यांचा हात धरला.

"रावसाहेब, थांबा," म्हणाले. मग लोकांकडे वळले. माईक नव्हता, म्हणून आवाज चढवला. म्हणाले, "मी मीठ खाल्लं आहे. सहा महिने नाही खाल्लं, मग आजारी पडलो. त्यानंतर तीन वर्षं रोज खाल्लं, कोशिंबिरीतून. पत्नीनं मला न कळता घातलं, असं तिला वाटतं. मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी तिला तसं वाटू दिलं, कारण मला जगायचं होतं, आणि आजचा दिवस बघायचा होता. दोष तिचा नाही, शब्द माझा होता. तुमच्या टाळ्या परत घ्या." आणि खाली बसले.

बकुळा, मी खांबाला धरून उभी होते. माझ्या मनात एकच आलं, संपलं. कशाची तरी गाठ सुटावी तसं. मग वाटलं, आता हे लोक ह्यांना खातात.

आणि मागून श्यामकांत भाऊजी उठले. म्हणाले, "दादा, मी पण इराण्याकडे चहा पितो. रोज दोनदा. कोपऱ्यातल्या टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून." त्यांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. त्यांच्यामागे बंडू उठला. त्याच्या चपला ऑफिसात पायातच असतात, संध्याकाळी वाडीच्या तोंडाशी काढून पिशवीत घालतो. दाढीवाला म्हणाला, "मी अजून पाळतोय." एकाच वेळी चार-पाच जण म्हणाले, "तुझे न्हाव्याचे पैसे वाचले, बस खाली." आणि सगळा मांडव हसायला लागला. हसत होते आणि मधूनच डोळे पुसत होते. साडेतीन वर्षं प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच चोर.

रावसाहेबांच्या हातात ती चिमूट तशीच होती. टाकून द्यावी तर अपशकुन, कुणाला द्यावी तर घेणारा नाही. त्यांनी इकडे तिकडे बघून ती स्वतःच्याच तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. त्या सभेत मीठ फक्त अध्यक्षांनी खाल्लं.

जिना चढताना ह्यांनी विचारलं, "तुला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही."

"बकुळाचं पत्र आलं होतं. पंधरा दिवस झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तीन वर्षं का बोलला नाहीत?"

"तू बंद केली असतीस."

"केली असती," मी म्हटलं. आमच्या जिन्यात हसायची पद्धत नाही, शेजारी दारं उघडतात. घरात आलो, दार लावलं, आणि मग मात्र हसलो. मी थोडी रडलेही, पण ते तू कुठं लिहून ठेवू नकोस.

आता तुझा शेवटचा परिच्छेद. त्या बारशाला मी म्हणाले होते, सासूबाई आहेत. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. म्हणजे चार वर्षं ती सबब नव्हती आणि तरी मी बोलावलं नाही. ह्याला मी सवय म्हणत होते. तुझ्या पत्रात त्याचं खरं नाव लिहिलेलं नव्हतं, तरी मला वाचता आलं. येत्या रविवारी, आठ तारखेला, तू आणि भिवाभाऊ जेवायला या. दुपारी. डबा आणू नकोस, नेऊही देणार नाही. नाही आलात तरी मला बोलायला तोंड नाही. पण या.

तुझी,
राजी


परळ
९ मे १९६०

प्रिय राजी,

काल घरी पोहोचायला चार वाजले. भिवा वाटभर तुझ्या वालाच्या बिरड्याचं नाव घेत होता, मी म्हटलं, नाव घेतल्यानं आयुष्य वाढतं का बघ.

उंबऱ्यात तू माझा हात धरलास तो एवढा घट्ट, की बांगडी रुतली. ती खूण सकाळपर्यंत होती. तुझा मुलगा आधीच जेवून खेळायला पळाला होता. आम्ही चौघं एकाच ओळीत बसणार होतो, पण तू मेली वाढायच्या नावाखाली उभीच राहिलीस. ताटं मी नीट पाहिली, तुझ्यापासून लपवत नाही. चारी सारखी होती. तू मला पाहताना पाहिलंस, आणि काही बोलली नाहीस. तेही बरं केलंस.

तू गरम पोळी आणायला आत गेलीस तेव्हा बाहेर काय झालं ते तुला सांगायला हवं. मनमोहनरावांनी कोशिंबिरीचा घास घेतला, थांबले, आणि भिवाच्या कानाशी वाकून म्हणाले, "खारट झालीय."

भिवा म्हणाला, "मग सांगा की आत."

"कसं सांगू? तीन वर्षं बोललो नाही."

"म्हणून तर सांगा."

मग त्यांनी घसा साफ केला, माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी परीक्षा घेते आहे, आणि मोठ्यानं म्हणाले, "अगं, कोशिंबीर खारट झालीय." आतून तुझा आवाज आला, "झाली असेल. खा." तुला तुझा आवाज ऐकू आला नसेल. मला आला. लग्न होऊन आठ दिवस झालेल्या पोरीचा होता. आणि त्यांचा चेहरा तू पाहायला हवा होतास. ऑफिसातून निवृत्त झालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठतो ना, तसा.

बाकी, खारटच होती. सवयीनं तुझा हात जड पडला आहे. अर्धा चमचा आता पाव कर. त्यांनी मात्र आणखी दोनदा वाढून घेतली, आणि दोन्ही वेळा नावं ठेवली.

तुझी,
बकुळा